डीएम पाण्यासाठी मीटर: ३०० रुपयांचा पेन आणि हॅनाचा प्युअर वॉटर टेस्टर, आठ महिने वापरून

कोल्हापुरात गुजरीच्या मागच्या बोळात आमचं चांदीला पॉलिश आणि रोडियम, म्हणजे त्या महागड्या धातूचा मुलामा, करायचं छोटं युनिट आहे, माल बहुतेक हुपरीचा, पैंजण, जोडवी, वाळे, करदोडे असं सगळं. आप्पांनी सुरू केलेलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. पाण्याचा मीटर कुठला घेऊ असं ओळखीतल्या लोकांनी इतक्यांदा विचारलंय, कुणाला घरच्या आरओसाठी, कुणाला इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी, मामाला बोअरसाठी, की म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकतो. मी दोन मीटर वापरलेत. एक तो ऑनलाइन मिळतो तसला ३०० रुपयांचा टीडीएस पेन (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) आणि दुसरा हॅना कंपनीचा प्युअर वॉटर टेस्टर, मॉडेल एचआय ९८३०८. हा दुसरा आठ महिने झाले रोज हातात आहे.

आधी आमच्याकडं एवढं चोख पाणी कशाला लागतं ते सांगतो. पैंजण रोडियमच्या बाथमधनं, म्हणजे मुलाम्याच्या द्रावणातनं, काढला की दोन-तीन पाण्यातनं धुवायचा, त्यातलं शेवटचं पाणी डीएम, म्हणजे क्षार काढलेलं, आणि मग गरम भुशात नाहीतर ड्रायरखाली वाळवायचा. वाळताना पाणी उडून जातं, खरं पाण्यात जे विरघळलेलं असतं ते कुठं जाणार, ते तिथंच बसतं. १०० पीपीएमचं पाणी म्हणजे लिटरला १०० मिलिग्रॅम क्षार, एका थेंबात त्याचा कणभरच वाटा येतो, खरं आरशासारख्या पॉलिशवर तो कणभरही दिसतो. मधे स्वच्छ आणि कडेनं पांढरी गोल रेघ, असा डाग. घुंगराच्या खाली जिथं थेंब लोंबकळत राहतो तिथं तर हमखास. शिवाय रोडियमचा बाथ उडून कमी झाला की त्यात हेच डीएम पाणी घालायचं असतं, आणि रोडियम काय भावानं मिळतं ते या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. बाथ एकदा बिघडला की महिन्याची कमाई गेली.

गेल्या दिवाळीच्या आधी ४० जोड पैंजणांची ऑर्डर होती आणि अर्ध्यांवर हे डाग आले. भावाला वाटलं पॉलिशचं मेण राहिलंय, परत रिठ्याच्या पाण्यात ब्रश मारला, परत धुतलं, वाळवलं, परत डाग. पाण्यावर संशय घ्यायला मी तयारच नव्हतो कारण डीएम पाण्याचे कॅन आम्ही विकत आणायचो आणि प्रत्येक कॅन मी स्वतः पेन बुडवून बघायचो. एका कॅनला ००० आणि दुसऱ्याला ००१. यापेक्षा शुद्ध काय असणार असंच कुणालाही वाटेल.

आप्पांनी मात्र पेनाकडं बघितलं पण नाही. त्यांनी एक परीक्षानळी त्याच पाण्यानं तीनदा विसळली, त्यात बोटभर पाणी घेतलं, सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब सोडला आणि नळी माझ्या काळ्या छत्रीसमोर धरली. पहिल्या कॅनचं पाणी तसंच्या तसं. दुसऱ्या कॅनमधलं पाणी जराशानं धुकट झालं, ताकाची निवळी असते ना, तिच्यात अजून पाणी घातल्यावर दिसेल तेवढंच. शेजारी नळाचं पाणी घेऊन थेंब टाकला तर ते सरळ दुधाळ. पाण्यात क्लोराइड असलं की चांदीबरोबर जुळून हा पांढरा साका होतो, चांदीवाल्यांची ही जुनी परीक्षा आहे आणि ती त्या दिवशी पेनापेक्षा जास्त खरी ठरली. मग लॅबच्या साहित्याचं काम करणाऱ्या एका मित्राला बोलावलं, तो त्याच्याकडचा हॅना घेऊन आला. पहिला कॅन १.१ मायक्रोसीमेन्स (पाण्यातनं वीज किती जाते त्याचं माप), दुसरा ९.४. पेनानं एकाला शून्य म्हटलेलं आणि एकाला एक, आणि खरा फरक आठ पटीपेक्षा जास्त होता. त्याच आठवड्यात मी तो मीटर मागवला.

आता हे असं का होतं ते समजून घेतलं की मीटर निवडणं सोपं जातं. कुठलाच टीडीएस मीटर पाण्यातले क्षार मोजत नाही. तो पाण्यातनं वीज किती जाते ते मोजतो, म्हणजे कंडक्टिव्हिटी, आणि त्याला एका आकड्यानं गुणून पीपीएम दाखवतो. हा गुणायचा आकडा प्रत्येक मीटरात सारखा नसतो, कुणी ०.५ धरतं, कुणी ०.७. म्हणजे २०० मायक्रोसीमेन्सचं एकच पाणी एका मीटरवर १०० पीपीएम आणि दुसऱ्यावर १४०, आणि दोन्ही मीटर आपापल्या जागी बरोबर. शेजारी-शेजारी दोन पेन धरून कुणाचा खरा म्हणून वाद घालणारी माणसं मी बघितलीत, त्यांनी आधी डबीवर हा फॅक्टर कुठला लिहिलाय ते बघावं. माझं तर म्हणणं मायक्रोसीमेन्स सरळ दाखवणाराच मीटर घ्या, मधला गुणाकारच नको.

दुसरी गोष्ट रेंजची. साध्या पेनावर ० ते ९९९० पीपीएम लिहिलेलं असतं आणि ते वाचून माणसाला वाटतं की केवढा मोठा मीटर. अहो पण ज्याला शून्याच्या जवळचं बघायचंय त्याला नऊ हजाराचं काय करायचंय. सोनं तोलायला कुणी धान्याचा काटा वापरत नाही. पेनाचं सगळ्यात लहान माप १ पीपीएम, म्हणजे साधारण २ मायक्रोसीमेन्स, त्याच्या खालचं सगळं त्याला शून्यच, आणि स्वस्त पेन तर शून्याजवळ आल्यावर त्याहून जास्त चुकतो हे वर सांगितलंच. हॅनाचा हा मीटर ० ते ९९.९ मायक्रोसीमेन्स एवढंच बघतो आणि ०.१ ची पायरी दाखवतो. एकदम शुद्ध पाणी, ज्यात पाण्याशिवाय काहीच नाही, ते २५ डिग्रीला ०.०५५ मायक्रोसीमेन्स असतं. तेवढं खालचं बघायचं तर हाही मीटर पुरायचा नाही, खरं आमच्या कामाला १ च्या आसपास आणि ५ च्या वर यातला फरक कळला तरी बास, आणि तो याच्यावर लख्ख कळतो.

अचूकतेबद्दल एक खुलासा करतो कारण हे फार कमी लोक वाचतात. याच्यावर ±२ टक्के फुल स्केल असं आहे. फुल स्केल म्हणजे समोरच्या आकड्याच्या २ टक्के नव्हे, पूर्ण ९९.९ च्या २ टक्के, म्हणजे जवळजवळ २ मायक्रोसीमेन्स इकडं-तिकडं. त्यामुळं माझा १.१ आला आणि तुमचा १.८ आला म्हणून लगेच तुमचं पाणी वाईट ठरवू नका. एकाच मीटरवर रोज बघायचं आणि आकडा कालच्यापेक्षा किती हलला ते बघायचं, तिथं हा मीटर पक्का आहे. कुठलाही मीटर घेताना फुल स्केल लिहिलंय का रीडिंग लिहिलंय ते बघाच, ९९९० वाल्या पेनावर २ टक्के फुल स्केल असेल तर तो तब्बल २०० पीपीएम इकडं-तिकडं झाला.

वापरताना काय काळजी घ्यायची ते सविस्तर सांगतो कारण अर्धी चूक मीटरची नसतेच. मी काचेचं छोटं बीकर ठेवलंय, ते फक्त याच कामाला, त्यात दुसरं काही ओतायचं नाही. जे पाणी तपासायचंय त्यानंच बीकर आणि मीटरचं टोक तीनदा विसळायचं, चौथ्यांदा घेतलेलं पाणी मोजायचं. पहिल्यांदा मी न विसळता बुडवला तर १४ दाखवला, टोकाच्या फटीत आधीच्या पाण्याचा एक थेंब अडकलेला, तेवढ्या एका थेंबानं. बोट तर लावायचंच नाही, घामात मीठ असतं, बीकरच्या आतनं अंगठा लागला तरी आकडा पळतो. मीटर बुडवून हलकासा ठोकायचा म्हणजे आत हवेचा बुडबुडा राहत नाही, मग आकडा थांबेपर्यंत थांबायचं. तापमानाचा हिशोब मीटर स्वतः धरतो, डिग्रीला साधारण २ टक्क्यानं, खरं त्याला तापमान ओळखायला वेळ द्यावा लागतो, ड्रायरजवळनं गरम पाणी उचलून लगेच बुडवू नका.

आणि एक गंमत बघा, गंमत म्हणजे मला त्याचं खरंच लई नवल वाटलं. मिक्स्ड बेडमधनं, म्हणजे क्षार काढणाऱ्या रेझिनमधनं, ताजं काढलेलं पाणी ०.३ दाखवतं, तेच बीकर टेबलावर उघडं ठेवलं तर अर्ध्या तासात ०.७, ०.८, ०.९ असा आकडा चढत जातो आणि मग १ च्या आसपास येऊन थांबतो. पाण्यात कुणी काही टाकलेलं नसतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो, त्याचं कार्बोनिक आम्ल होतं आणि तेवढ्यानं वीज जायला लागते. म्हणून कॅन उघडल्या उघडल्या मोजायचं, आणि १ आला तर घाबरायचं नाही, ती हवा आहे, क्षार नव्हेत.

कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा माहीत असलेल्या सोल्युशनमध्ये बुडवून मीटर जुळवणं, महिन्यातनं एकदा करतो. या रेंजला ८४ मायक्रोसीमेन्सचं सोल्युशन लागतं, पेनासाठी वापरतात ते १४१३ वालं चालत नाही, ते याच्या रेंजच्याच बाहेर. सोल्युशन बाटलीतनं वेगळ्या कपात काढून घ्यायचं, बाटलीत मीटर बुडवायचा नाही, आणि वापरलेलं परत बाटलीत ओतायचं नाही. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायची, पातळ सोल्युशन लवकर बिघडतं. हा खर्च धरूनच मीटर घ्या, काही लोक मीटर घेतात आणि सोल्युशन घेत नाहीत, मग वर्षभरानं तो काय दाखवतोय त्याला काही अर्थ राहत नाही.

आता या मीटरला काय दिसत नाही ते, आणि हे मला पैसे घालवून कळलं. फेब्रुवारीत आम्ही स्वतःचं रेझिनचं छोटं युनिट बसवलं, कॅनची कटकट नको म्हणून. तीन महिने सुरेख चाललं. मे महिन्यात मीटर १.२ दाखवतोय, रोजच्यासारखा, आणि जोडव्यांवर परत डाग. ह्या वेळेचा डाग वेगळा होता, कडेला रेघ नाही, सगळा मिळून धुरकट पापुद्रा, नखानं खरवडला तरी निघेना, ॲसिडमध्ये बुडवला तरी जाईना. मित्र म्हणाला सिलिका. रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी सिलिका निसटते, आणि ती पाण्यात वीज जवळजवळ वाहूनच नेत नाही, त्यामुळं मीटर तिच्याकडं आंधळा. आमच्याकडं सगळा काळा पाषाण, त्यातनं झिरपलेल्या पाण्यात सिलिका असणारच. तेव्हापासून रेझिनचा हिशोब मी आकड्यावर नाही, लिटरवर ठेवतो, वहीत रोज किती लिटर काढलं ते लिहितो आणि ठरलेल्या लिटरला रेझिन बदलतो, मीटर काहीही म्हणू दे.

घरच्या पाण्याचं बोलायचं तर हा मीटर घरासाठी घेऊच नका. आमच्या नळाचं पाणी साधारण १८० ते २०० मायक्रोसीमेन्स येतं, ते याच्या ९९.९ च्या बाहेर, मीटर काही दाखवणारच नाही. घराला तो ३०० चा पेनच बास, त्यावर आमचं पाणी ९० ते १०० पीपीएम दिसतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, ते ५०० पर्यंत चांगलं म्हणतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. म्हणजे कोल्हापुरात नळाचं पाणी पिणाऱ्याला टीडीएसची चिंताच नाही, सह्याद्रीतनं येणारं पाणी मुळातच हलकं आहे. तरी घरोघरी आरओ बसलेत. २०१९ ला राष्ट्रीय हरित लवादानं ५०० पेक्षा कमी टीडीएस असेल तिथं आरओ बंद करा असं सांगितलेलं, कारण त्यात निम्म्याहून जास्त पाणी वाया जातं.

माझ्या मावशीकडं एक विक्रेता आलेला, तो प्रकार मला फार लागला म्हणून सांगतो. त्यानं नळाच्या पाण्यात दोन-दोन दांड्या असलेलं एक यंत्र बुडवून वीज सोडली, मिनिटात पाणी तपकिरी, वर फेस, खाली गाळ. आरओच्या पाण्यात तेच केलं, काही नाही. मावशी घाबरून गेली, म्हणाली हे आम्ही इतकी वर्षं नातवंडांना पाजलं. मावशी, तो गाळ पाण्यातला नव्हताच, तो त्या लोखंडाच्या दांडीचा गंज. पाण्यात क्षार आहेत म्हणून वीज गेली, वीज गेली म्हणून लोखंड झिजलं. आरओच्या पाण्यात वीजच जात नाही तर दांडी झिजणार कशी. मी तिच्यासमोर आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून तेच यंत्र लावायला सांगितलं, तर तो माणूस यंत्र आवरून निघाला. म्हाताऱ्या माणसाला असं घाबरवून माल विकणं मला अजिबात पटत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आकडा कमी म्हणजे पाणी पिण्यालायक असं कुणी समजू नका. जुलैत पंचगंगा तांबडीलाल होऊन वाहते तेव्हा तिचं पाणी पेनावर उन्हाळ्यापेक्षा कमी दाखवतं, कारण पावसानं क्षार पातळ झालेले असतात आणि मातीचा कण वीज नेत नाही. २०१९ ला आणि २०२१ ला महापुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली, नळ बंद, सगळं टँकरवर. त्यावेळी आमच्या गल्लीत एकानं टँकरच्या पाण्यात पेन बुडवून ६० आलाय, लई भारी पाणी, प्या बिनधास्त असं सांगितलेलं, आणि बायका ते भरून न्यायला लागल्या. आईनं मात्र वीस मिनिटं उकळल्याशिवाय घोटभर दिलं नाही, आणि तिचंच बरोबर होतं. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली ती कुठल्या मीटरवर दिसली असती सांगा. विषाणू, जंतू, कीटकनाशक यातलं काहीच वीज नेऊन सांगत नाही. जंतूंसाठी ती पाणी काळं पडणारी एचटूएसची बाटली मिळते ती वापरा, नाहीतर भूजल विभागाच्या प्रयोगशाळेत नमुना द्या.

बॅटरीवाल्यांसाठी सांगायचं तर डिस्टिल्ड म्हणून विकलं जाणारं बाटलीतलं पाणी मी हौसेनं पाच ठिकाणचं आणून मोजलं, तीन ठिकाणचं १० च्या आत होतं, एक २८ आणि एक थेट रेंजच्या बाहेर, म्हणजे नळाचंच असावं. ज्यांचं बॅटरीचं दुकान आहे त्यांनी हा मीटर घ्यावा, वसूल होतो. घरात एक इन्व्हर्टर असणाऱ्यानं एवढा खर्च करू नये, माझ्याकडं बाटली घेऊन या, मी मोजून देतो.

मामाचं शेत शिरोळकडं आहे, तिकडं क्षारपड जमिनीचा त्रास तुम्हाला माहीत आहेच, उसाच्या पट्ट्यात पांढरी साय आलेली जमीन लांबनं दिसते. मामा म्हणाला तुझा तो भारी मीटर आण. म्हटलं मामा, भारी म्हणजे तुझ्या कामाचा नव्हे. त्याच्यासाठी माझा जुना पेन नेला, बोअरला १०७० पीपीएम आला, फॅक्टर ०.५ चा म्हणजे साधारण २१४० मायक्रोसीमेन्स. शेतीच्या पाण्याची जी प्रतवारी आहे तिच्यात ७५० ते २२५० हे जास्त खारट आणि २२५० च्या वर फार खारट, म्हणजे मामाचं पाणी अगदी उंबऱ्यावर. विहिरीचं मोजलं तर ४१० पीपीएम. मामानं दोन्ही आकडे खडूनं मोटरच्या पेटीवर लिहिले, बोअर बंद करून विहिरीचा व्हॉल्व्ह उघडला आणि पेन खिशात घातला. तो परत मागितला नाही मी.